प्रायश्चित्त, दंड आणि सोबत

न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं पेशव्यांच्या रोजनिशींवर १९०० सालीं जो निबंध लिहिला, त्यांत मद्यनिषेधासंबंधीं थोडा मजकूर आहे. चलन, वेठबिगार, न्याय, आरमार अशा मोठमोठ्या विषयांच्या गर्दींत तो सहज नजरेआड होण्याजोगा आहे; परंतु नाशिकच्या वाचकास तो अडविल्याशिवाय राहत नाहीं. नाशिकचे धर्माधिकारी ब्राह्मण मद्य घेतात असा सरकारास संशय आला. ते ताकिदीस जुमानीनात. तेव्हां त्यांस निरनिराळ्या किल्ल्यांवर कैदेंत धाडण्यांत आलें, असें तेथें नमूद आहे. त्याच ओघांत चांदवड तालुक्यांतील एका धनाढ्य मराठा पाटलाची हकीकत येते. दारू पिऊं नये अशी त्यास एकदां समज दिली. त्यानें ती धुडकावली. आणि त्याची सुमारें चाहूरभर इनाम जमीन सरकारजमा झाली.

ह्या दोन हकीकतींपैकीं पहिली विशेष विचार करण्यासारखी आहे. धर्माधिकारी म्हणजे कोण? ज्याच्या हातून पाप घडलें, त्यानें ज्याच्यापुढें उभें राहून प्रायश्चित्त विचारावयाचें, तो. गोदावरीच्या कांठीं रामकुंडावर दूरदूरचे लोक ज्या कारणासाठीं येत, त्यांत पापक्षालन हें मुख्य. दुसऱ्यांच्या पापाचें माप ज्यांच्या हातीं, त्यांच्याच घरीं हें व्यसन शिरलें होतें. आणि धर्मशास्त्र तोंडपाठ असूनहि तें त्यांस सोडतां आलें नाहीं. शेवटीं त्यांस किल्ल्याची वाट धरावी लागली. किल्ल्यावर दारू मिळाली नसेल, हें उघड आहे. परंतु कैद संपल्यावर घरीं परतलेल्या माणसानें पुढें काय केलें, त्याला घरांत कोणीं कसें वागविलें, ह्या गोष्टींशीं राजाज्ञेस कर्तव्य नव्हतें. तिचें काम किल्ल्याच्या दरवाज्याशीं संपलें होतें.

आमच्या मतें मद्यत्यागाच्या साऱ्या इतिहासांतील मर्म येथेंच आहे. पिणाऱ्या मनुष्याकडे पाहण्याची समाजाची दृष्टि युगायुगांत बदलत गेली. कधीं तो पापी ठरला, कधीं अपराधी, कधीं सरकारी तिजोरीचें गिऱ्हाईक, कधीं नाटकांतील करुणेचा विषय, आणि अलीकडे रोगी. हीं नांवें देणारे बहुधा न पिणारे, अथवा आपण पितों तें पिणेंच नव्हे असें मानणारे लोक होते. ज्यास सोडावयाची इच्छा आहे पण सुटत नाहीं, त्याच्या बाजूनें हा इतिहास वाचला तर तो निराळा दिसतो. तसा तो येथें थोडक्यांत वाचून पाहण्याचा आमचा विचार आहे.

आमच्या प्राचीन ग्रंथांत मद्याविषयीं एकमत होतें, ही समजूत मुळांतच बरोबर नाहीं. ऋग्वेदांतील वसिष्ठाच्या एका वरुणसूक्तांत मनुष्याच्या हातून अपराध कां घडतो ह्याचीं कारणें सांगतांना क्रोध, फांसे आणि अविचार यांच्या पंक्तीस सुरा बसविली आहे. उलट सौत्रामणी यागांत तीच सुरा देवतेस अर्पण करितात. मनुस्मृतींत गुळाची, पिठाची आणि मधूची असे सुरेचे तीन प्रकार सांगून सुरापानाची गणना ब्रह्महत्येबरोबर महापातकांत केली आहे, आणि द्विजास त्याचें प्रायश्चित्त म्हणून कढत सुरा पिण्यास सांगितलें आहे. म्हणजे पापक्षालन व प्राणनाश एकाच घोटांत! दुसऱ्या बाजूस कौटिल्याचा सुराध्यक्ष दारूच्या दुकानांत बैठकी कशा असाव्यात, तेथें कोण ऐपतीबाहेर खर्च करितो ह्यावर हेरांनीं कसें लक्ष ठेवावें, उत्सव व यात्रांच्या वेळीं लोकांस चार दिवस मोकळीक कशी द्यावी, ह्याचा शांतपणें बंदोबस्त करीत असतो. एक ग्रंथकार धर्माचा विचार करितो, दुसरा खजिन्याचा. आणि ह्या दोन ग्रंथांत जें अंतर आहे, तेंच पुढें प्रत्येक राज्याच्या दोन कचेऱ्यांत पडलेलें आपणांस दिसतें.

महाभारतांतील दोन कथा ह्या संबंधांत आठवतात. शुक्राचार्यांनीं कचाची राख मिसळलेलें मद्य नकळत प्राशन केलें, आणि शुद्धीवर आल्यावर ब्राह्मणांस तें कायमचें वर्ज्य केलें, ही पहिली. येथें निषेध करणारा स्वतः फसलेला मनुष्य आहे. त्याच्या बोलण्यांत अनुभवाची धार आहे. दुसरी मौसलपर्वांतील. आजपासून नगरींत कोणीं सुरा गाळूं नये, गाळील त्यास सुळीं देऊं, अशी द्वारकेंत दवंडी पिटली गेली. लोकांनीं राजभयानें ती पाळली. पुढें तेच यादव प्रभासक्षेत्रीं जमले, यथेच्छ प्याले, आणि एकमेकांवर उठून नाश पावले. भयानें पाळलेला नियम नगराच्या वेशीबाहेर किती टिकतो, हें ह्या कथेइतकें स्पष्ट कोणत्याहि आधुनिक अहवालांत सांगितलेलें नसेल.

मद्य ही परदेशी लोकांनीं आणलेली वस्तु, असेंहि कांहीं लोक मोठ्या अभिमानानें सांगतात. तेंहि खरें नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत भडोच बंदरांत उतरणाऱ्या मालाची जी यादी एका ग्रीक नाविकानें लिहून ठेविली आहे, तींत इटलीच्या द्राक्षासवास विशेष मागणी असल्याचा उल्लेख आहे. आणि नेवाशाच्या उत्खननांत तशा आसवाच्या रोमन कुंभांचे तुकडे सांपडले आहेत. परदेशी माल येत होता, तो येथें पिणारे होते म्हणून. आणि गरिबाच्या घरीं मोहाचें झाड कोणत्याहि गलबताची वाट पाहत नव्हतें.

आतां पुन्हां पेशवाईकडे वळूं. पेशव्यांचें धोरण मद्य गाळण्यास व विकण्यास बंदी करण्याचें होतें. परंतु वसई, चौल वगैरे प्रांत पोर्तुगीजांकडून हस्तगत झाल्यावर तेथील भंडारी, कोळी इत्यादि लोकांनीं अर्ज केला, तेव्हां त्यांस सवलत मिळाली. तींत एक अट मात्र कडक होती : ब्राह्मण, प्रभु आणि सरकारी कारकून यांनीं पितां कामा नये. ह्या व्यवस्थेंत जातिभेद आहे, हें उघडच आहे. तथापि एक गोष्ट तिच्या बाजूनें सांगितली पाहिजे. ज्याच्या हातीं अधिकार, त्यास नियम अधिक कडक, असें तिचें तत्त्व होतें. नाशिकचा धर्माधिकारी व चांदवडचा पाटील हे दोघेहि अधिकाराचे लोक होते. त्यांस मोठेपणाची ढाल मिळाली नाहीं. पुढील काळांत हें उलटें झालें. साहेबाच्या क्लबांतील पेला सभ्यतेचें लक्षण ठरला, आणि मजुराच्या गुत्त्यांतील पेला अनीतीचें.

इंग्रजी अमलांत मद्याचा प्रश्न धर्माधिकाऱ्याच्या ओसरीवरून उठून अबकारी कचेरींत गेला. पूर्वीं गांवोगांव लहान भट्ट्या असत व त्यांचा मक्ता दिला जाई. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें ही व्यवस्था आंवळली गेली. सरकारच्या देखरेखीखालीं मोठ्या मध्यवर्ती भट्ट्या, विक्रीचे मक्ते आणि ताडीच्या प्रत्येक झाडावर कर, अशी ती रचना होती. १८९२ सालीं तर ठाणें व कुलाबा जिल्ह्यांकरितां मोहाच्या फुलांवरच स्वतंत्र कायदा झाला. चैत्राच्या सुमारास झाडाखालीं पडणारें जें फूल आदिवासी घरांत अन्न म्हणूनहि सांठविलें जाई, तें बाळगणें हा गुन्हा झाला. हेतु मद्यपान कमी करण्याचा आहे असें सांगण्यांत येई. परंतु ज्या दारूवर कर बसतो ती दुकानांत मुबलक, आणि ज्या दारूवर बसत नाहीं ती मात्र निषिद्ध, ही गोष्ट रानांतल्या मनुष्यासहि कळण्यासारखी होती. घरचें गाळणें बंद झालें, पिणें बंद झालें नाहीं. तें उधारीवर सुरू झालें. दुकानदारच सावकार, आणि सावकारच पुढें जमिनीचा मालक, अशी सांखळी तयार झाली.

सुशिक्षितांनीं ह्याविरुद्ध आवाज उठविला नाहीं असें नव्हे. जोतीराव फुले यांनीं पुणें नगरपालिकेचे सभासद असतांना १८८० सालीं दारूच्या दुकानांच्या वाढीस हरकत घेतली. आणि त्यांची दृष्टि शास्त्रांतील पातकाकडे नव्हती, उध्वस्त होणाऱ्या गरीब कुटुंबाकडे होती. १८८८ सालीं लंडनमध्यें भारतासाठीं एक मद्यनिषेधक संस्था निघाली, आणि तिचे चालक केन यांच्या खटपटीनें येथील शहरांत तशा सभा स्थापन झाल्या. १९०८ च्या उन्हाळ्यांत पुण्यांत स्वयंसेवक दारूच्या दुकानांसमोर उभे राहून गिऱ्हाइकांस हात जोडून परत फिरवूं लागले. टिळक आणि गोखले ह्या विरुद्ध पक्षांच्या पुढाऱ्यांचा, तसेंच सरकारी शेतकी कॉलेजांतील डॉ. हॅरल्ड मॅन यांच्यासारख्या इंग्रजाचाहि, ह्या कार्यास पाठिंबा होता. इतकें मतैक्य त्या काळच्या पुण्यांत दुसऱ्या कोणत्याहि प्रश्नावर दिसलें नसेल. सरकारनें स्वयंसेवकांवर खटले भरले, आणि जूनमध्यें टिळकांस अटक झाल्यावर ती चळवळ मावळली.

येथें आमच्या वर्गास अंमळ अप्रिय वाटेल अशी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९१९ च्या सुधारणांनीं प्रांतांत जीं खातीं लोकनियुक्त मंत्र्यांच्या हातीं आलीं, त्यांत शिक्षण होतें आणि अबकारीहि होती. शाळा वाढवावयाच्या तर पैसा पाहिजे, आणि पैशाची मोठी बाब दारूची. १९३७ सालीं काँग्रेसचीं मंत्रिमंडळें आलीं, तेव्हां दारूबंदी केल्यास शाळा चालवाव्या कशा हा प्रश्न उघडपणें पुढें आला. मुलांचें शिक्षण दारूच्या पैशावर चालावें ही गोष्ट गांधीजींस अत्यंत लाजिरवाणी वाटली, आणि त्याच वर्षीं वर्ध्यास मांडलेल्या शिक्षणयोजनेमागें हेंहि एक कारण होतें. गुत्त्यांतील मजुराकडे नाक मुरडून पाहणाऱ्या आम्हां पदवीधरांच्या विद्येंत त्या मजुराच्या पेल्याचा वांटा होता. ज्यानें आमच्या शिकण्याचा खर्च असा नकळत भरला, त्याच्या व्यसनास केवळ त्याचा दुर्गुण म्हणणें न्यायाचें होत नाहीं.

इकडे सुशिक्षित घरांतहि पेला शिरलाच होता. राम गणेश गडकरी यांचें ‘एकच प्याला’ हें नाटक लेखकाच्या मृत्यूनंतर लवकरच, १९१९ सालीं, गंधर्व नाटक मंडळीनें रंगभूमीवर आणलें, आणि बालगंधर्वांची सिंधु पाहून प्रेक्षकांनीं डोळे पुसले. त्या अश्रूंच्या पुरांत एक महत्त्वाचा प्रसंग मात्र वाहून गेला, असें आम्हांस वाटतें. सुधाकर हा बुद्धिमान वकील. अपमानाच्या एका क्षणीं तो पितो, बुडतो, हें सर्वांच्या लक्षांत राहतें. परंतु मध्यंतरीं तो सोडतो, हें किती जणांच्या लक्षांत आहे? दारू सोडून तो ओळखीच्या लोकांकडे काम मागावयास जातो. हीं प्रतिष्ठित माणसें आहेत. त्यांच्या हातीं पेला नाहीं. परंतु ते त्यास दाराशीं उभें करीत नाहींत; आणि त्या अवहेलनेनंतर सुधाकर पुन्हां पेल्याकडे वळतो. नाटककारानें तळीरामास खलनायकाची जागा दिली. परंतु त्या सभ्य दारांचा अपराध तळीरामाहून कमी कां मानावा? तळीरामानें निदान त्याला जवळ बसविलें होतें.

‘एकच प्याला’ पाहून शहरांतला प्रेक्षक रडत होता, त्याच सुमारास आमच्या ह्या जिल्ह्याच्या पश्चिमेस डोंगरांत एक विलक्षण घटना घडली. १९२२ सालीं पालघरच्या किनाऱ्यावरील कोळ्यांत, रोगराई शांत व्हावी म्हणून चाललेल्या देवीच्या पूजेंतून एक लाट उठली. ती घाट चढून जव्हार, धरमपूर, सुरगाणा ह्या टापूंतील कोकणा व इतर आदिवासी गांवांत शिरली, आणि तेथून डांग, खानदेश व दक्षिण गुजराथपर्यंत पसरली. ह्या देवीस सलाबाई म्हणत. गांवोगांव लोक मांडवाखालीं जमत. कोणाच्या तरी अंगांत येई. आणि देवी आज्ञा करी. दारू व ताडी पिऊं नका. मांसमच्छी खाऊं नका. रोज स्नान करा, घर झाडून स्वच्छ ठेवा. कोंबड्याबकऱ्या सोडून द्या. दारूच्या पारशी दुकानदाराकडे कामास जाऊं नका.

ह्या आज्ञांचें मोल समजण्यासाठीं एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. शहरी घरांत दारू ही चोरून आलेली पाहुणी असते. आदिवासी घरांत ती देवघरांतली वस्तु होती. पितरांस व देवांस पहिले थेंब वाहिल्यावांचून जन्म, लग्न, मरण यांपैकीं कांहींच पार पडत नसे. म्हणून सलाबाईची आज्ञा पाळणें म्हणजे एक संवय सोडणें एवढेंच नव्हतें. पूर्वजांशीं बोलण्याची भाषा बदलणें होतें. तें शेंकडों गांवांनीं केलें. कोणी धर्माधिकारी त्यांच्याकडे गेला नव्हता, कोणी फौजदारानें धाक घातला नव्हता. अबकारी खात्यास तर ही चळवळ नकोशीच झाली होती. पुढें गुजराथेच्या बाजूस गांधीजींचें नांव आणि खादी हीं त्या आज्ञांत येऊन मिळालीं, आणि १९२३ च्या जानेवारींत शेखपूर येथें भरलेल्या परिषदेस वल्लभभाई पटेल आणि कस्तुरबा उपस्थित होतीं.

ह्या लाटेचा शेवट काय झाला? लाटेचा होतो तोच. पुष्कळ गांवें कांहीं महिन्यांनीं जुन्या वाटेवर आलीं. चौधरी समाजांत तर सोडणारे ते ‘वरजेला’ आणि पुन्हां धरणारे ते ‘सरजेला’ असे दोन तटच पडले. परंतु ह्यास आम्ही अपयश म्हणत नाहीं. कांहीं लोक कायमचे सुटले. आणि जे परत फिरले, त्यांसहि आपण एकदां सोडूं शकलों ही गोष्ट ठाऊक झाली. शिवाय कोण टिकले ह्याचा विचार केला तर उत्तर उघड आहे. जेथें शेजारीं दुसरें घर ‘वरजेला’ होतें, जेथें लग्नांत पेल्याशिवाय पाहुणचार होऊं शकत होता, तेथें व्रत टिकलें. जेथें एकटें घर उरलें, तेथें तें मोडलें.

सरकारी दारूबंदीचा इतिहास वाचकांस अधिक परिचित आहे. खेर मंत्रिमंडळानें १ ऑगस्ट १९३९ रोजीं मुंबई शहरांत बंदी सुरू केली. त्याच वर्षीं मंत्रिमंडळानें राजीनामा दिल्यामुळें ती ढिली पडली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला, आणि एप्रिल १९५० पासून सर्व राज्यांत संपूर्ण बंदी आली. घटनेच्या ४७ व्या कलमाचा तिला आधार होता; आणि बलसारा खटल्यांत १९५१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तिचा मुख्य भाग उचलून धरला, मात्र मद्यार्क असलेल्या औषधांवरील व प्रसाधनांवरील बंधन रद्द केलें. ह्या बंदीनें कित्येक गरीब घरांत पगाराचा पैसा पोहोंचला, हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. त्याबरोबरच गूळ आणि नवसागर यांची हातभट्टी घरोघर पोहोंचली, रबरी ट्यूबांतून माल वाहूं लागला, पोलिसाचा हप्ता ठरला. आणि सुखवस्तु मनुष्य डॉक्टराचा दाखला मिळवून परवान्यावर पिऊं लागला. पेशवाईंतील तत्त्व येथें बरोबर उलटें झालें : ज्याची ऐपत मोठी, त्यास नियम सैल. १९६० नंतरच्या दशकांत परवाने सुलभ होऊन ती बंदी नांवापुरती राहिली. पुढें वर्धा १९७५ सालीं आणि गडचिरोली १९९३ सालीं असे जिल्हे बंदीखालीं आले. चंद्रपूरची बंदी २०१५ सालीं आली व २०२१ सालीं उठली. २०१५ च्या जूनमध्यें मुंबईंत मालवणी येथें विषारी दारूनें शंभराहून अधिक माणसें दगावलीं, तेथें तर बंदीहि नव्हती. होती ती गरिबी. स्वस्तांतला पेला विषाचा निघाला. तेव्हां बंदी चांगली कीं वाईट हा वाद एका वाक्यांत मिटणारा नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच, कीं बंदी दुकानाचा प्रश्न हातीं घेते. मनुष्याचा प्रश्न दुकान बंद झाल्यावर सुरू होतो.

तो प्रश्न हातीं घेण्याची सुरुवात दोन बाजूंनीं झाली. अतिमद्यपान हा रोग आहे, ही कल्पना अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत डॉ. बेंजामिन रश यांनीं मांडली होती. तिला वैद्यकांत मान्यता मिळण्यास विसावें शतक उजाडावें लागलें. वर्षानुवर्षें पिणाऱ्यानें एकाएकीं सोडलें तर हात कांपतात, घाम सुटतो, झोंप उडते, क्वचित् भ्रम होऊन झटके येतात व प्राणहि जाऊं शकतो. म्हणून अशा मनुष्यास शपथ घालून खोलींत कोंडणें हें धैर्य नव्हे, अज्ञान आहे. पहिल्या दिवसांत वैद्याची देखरेख पाहिजे. हा विचार पूर्वीं ठाऊक असता, तर किती घरांतील शपथा तिसऱ्या दिवशीं मोडल्या नसत्या! आणि शपथ मोडली म्हणून मनुष्यास खोटारडा ठरविण्याचा प्रसंगहि आला नसता.

दुसरी बाजू वैद्यकाबाहेरची आहे. १९३५ सालीं अमेरिकेंतील ॲक्रन गांवीं एक दलाल व एक शस्त्रवैद्य असे दोन व्यसनी भेटले. आपण एकट्यानें सोडूं शकत नाहीं हें दोघांनीं एकमेकांपाशीं कबूल केलें, आणि त्या कबुलीवर पुढें ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही संघटना उभी राहिली. १९५७ सालीं तिच्या बैठकी मुंबईंत सुरू झाल्या. तेथें वर्गणीची सक्ति नाहीं, जात नाहीं, आडनांव नाहीं. आणि व्रत जन्माचें नसतें, आजच्या दिवसापुरतें असतें. पुण्यांत डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं २९ ऑगस्ट १९८६ रोजीं ‘मुक्तांगण’ सुरू केलें. पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याचा त्यास आधार मिळाला. तेथील पद्धतींत दोन गोष्टी आम्हांस फार महत्त्वाच्या वाटतात. व्यसनांतून सुटलेली माणसेंच तेथें नव्याने आलेल्यांची सेवा करितात. आणि रुग्णाबरोबर त्याच्या पत्नीचेंहि दुःख ऐकलें जातें. सिंधूस जें बोलतां आलें नाहीं, तें बोलण्याची जागा तिला येथें मिळाली.

हा विचार पाश्चात्य आहे म्हणून तो आपणांस परका, असें कोणीं समजूं नये. गळ्यांत तुळशीची माळ घातलेला वारकरी पेल्यास शिवत नाहीं, तो माळेच्या भयानें नव्हे; वर्षांतून एकदां ज्या दिंडीबरोबर चालावयाचें, त्या दिंडीस तोंड दाखवावयाचें असतें म्हणून. गाडगे महाराज कीर्तनांत पिणाऱ्यासच प्रश्न विचारीत आणि त्याच्याच तोंडून उत्तर काढीत. त्यांत शाप नसे, आपलेपणाचा दम असे. याहून साधें उदाहरण दर वर्षीं आपल्या डोळ्यांसमोर घडतें. आषाढी अमावास्येस ‘गटारी’ म्हणून जो धिंगाणा चालतो, तो निंद्य खराच. परंतु दुसऱ्या दिवशीं श्रावण लागतो आणि कालचा पिणारा महिनाभर पेल्यास हात लावीत नाहीं, ह्या चमत्काराकडे मात्र कोणी पाहत नाहीं. त्यास तें बळ कोठून येतें? सारी आळी पाळते म्हणून त्यासहि पाळतां येतें; आग्रह करणारा मित्र श्रावणांत आग्रह करीत नाहीं. भाद्रपदांत तीच मंडळी त्यास पुन्हां ओढून नेते. त्या मनुष्याचा निश्चय दोन्ही महिन्यांत सारखाच असतो. बदलते ती सोबत. ज्याचें शरीरच मद्याच्या आधीन झालें, त्यास एवढ्यानें भागणार नाहीं, हें वर सांगितलेंच आहे. परंतु वैद्यानें सोडविल्यावर त्यास जगावयाचें असतें तें ह्याच आळींत.

आणि आतां आमच्या नाशिकची आजची स्थिति. १९९९ सालीं येथें ‘सुला’ची स्थापना झाली, पुढच्याच वर्षीं तिचें पहिलें मद्य बाजारांत आलें, २००१ सालीं राज्यानें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें, विंचूर येथें त्यासाठीं औद्योगिक क्षेत्र झालें, आणि ज्या नगरीचें नांव तीर्थामुळें घेतलें जाई, तें द्राक्षमद्यामुळेंहि घेतलें जाऊं लागलें. २०२२ च्या जानेवारींत मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास मंत्रिमंडळानें मान्यता दिली, तेव्हां शेतकऱ्याच्या हिताची बाजू एकीकडून व घरांतल्या स्त्रियांच्या काळजीची बाजू दुसरीकडून मांडली गेली, आणि निर्णय अडून राहिला. वाइन ही दारू नव्हेच, असेंहि त्या वादांत बोललें गेलें. कौटिल्याचा सुराध्यक्ष हें ऐकून हंसला असता; त्याच्या यादींत द्राक्षासव मद्यांतच होतें. द्राक्षें लावणाऱ्या शेतकऱ्याशीं आमचें भांडण नाहीं. परंतु बागेंत सहलीस जाऊन हातांत उंची पेला धरणारा सुशिक्षित मनुष्य आपल्या कामवालीच्या नवऱ्याच्या व्यसनावर जेव्हां व्याख्यान देतो, तेव्हां त्याच्या तोंडून वसईच्या सवलतीचा जातिभेद नव्या भाषेंत बोलत असतो. आणि त्याच्या स्वतःच्या घरांत कोणी बुडूं लागला, तर ती गोष्ट झांकली जाते; ‘तब्येत बरी नाहीं’ ह्या तीन शब्दांखालीं कित्येक सुशिक्षित कुटुंबांनीं वर्षेंच्या वर्षें काढलीं आहेत. गुत्त्यांतल्या मजुराचें व्यसन साऱ्या वस्तीस ठाऊक असतें, म्हणून त्याची बायको निदान शेजारणीपाशीं रडूं शकते. आमच्या घरांतील स्त्रीस तीहि सोय नसते.

इतक्या शतकांच्या हिशेबांतून काय निष्पन्न होतें? प्रायश्चित्तानें पापाची नोंद झाली, दंडानें अपराधाची, करानें खपाची. ह्या तिन्ही वह्यांत सुटलेल्या मनुष्याचें नांव क्वचितच आढळतें. तें आढळतें सलाबाईच्या मांडवाखालीं, दिंडींत, अनामिकांच्या बैठकींत, अशा ठिकाणीं; म्हणजे जेथें सोडणाऱ्याच्या शेजारीं दुसरा सोडणारा बसलेला असतो तेथें. कायदा नको असें आम्ही म्हणत नाहीं. दुकान दारापासून दूर असणें हीहि मोठी मदत आहे. परंतु कायदा करणें सरकारच्या हातीं आहे, आणि सोडून आलेल्या मनुष्यास पुन्हां कामावर घेणें, पंक्तीस बसविणें, त्याच्या पुढें पेला न करणें, चौथ्यांदा घसरला तरी पांचव्यांदा दार उघडणें, हें आमच्या हातीं आहे. सुधाकर आजहि काम मागावयास येतो. त्याचें नांव व दार तेवढें निराळें असतें. धर्माधिकाऱ्यांस किल्ल्यावर पोहोंचविण्याची व्यवस्था पेशव्यांनीं केली होती. किल्ल्यावरून घरीं आणण्याची व्यवस्था करावयाची राहिली आहे, आणि ती कोणत्याहि सरकारच्या खात्यांत मोडत नाहीं.